गोळीचे नाव काय, मुदत किती?

मागच्या लगीनसराईत आमच्या नात्यातली एक भगिनी आम्हांला मांडवात भेटली. पंगती उठल्यावर ती बाजूला आली, कमरेची पिशवी सोडली आणि तिच्यातून गोळ्यांच्या पट्टीचा एक रिकामा तुकडा काढून आमच्या हातात ठेवला. म्हणाली, "भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता. एवढं वाचून सांगा, ही कशाची गोळी आहे?" आम्ही तुकडा उलटसुलट करून पाहिला. मेडिकलवाल्याने पट्टी कात्रीने कापून दिली होती. औषधाचे नाव दुसऱ्या तुकड्यावर गेले होते. आमच्या हातात आला होता तो किमतीचा अर्धा आकडा आणि कंपनीच्या नावाची शेवटची अक्षरे.

ही भगिनी चव्वेचाळीस वर्षांची आहे. पाळीत फार रक्त जाते म्हणून तीन वर्षांपूर्वी ती तालुक्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी महिन्यातले एकवीस दिवस घ्यायची गोळी लिहून दिली. गोळीने गुण आला. बंद केली की पुन्हा अंगावरून जाऊ लागे, म्हणून ती पुन्हा मेडिकलमधून आणायची. चिठ्ठी तीच, फाटेपर्यंत वापरलेली. तीन वर्षांत ना सोनोग्राफी झाली, ना रक्त तपासले, ना कुणी रक्तदाब पाहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही पूर्ण खोका मागवून नाव वाचले. नॉरेथिस्टेरॉन. म्हणजे संप्रेरकाची, ज्याला आपण हार्मोन म्हणतो त्याची गोळी.

त्याच मांडवात तिची धाकटी जाऊ शेजारी बसली होती. वय छत्तीस. दरसाल ऊसतोडीला जाते. तिची पिशवी तिसाव्या वर्षीच काढली आहे, आणि पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही. ती म्हणाली, "सगळंच काढलं म्हणले. तवापासून अंगातून वाफा निघत्यात. मोळी उचलली की कंबर मोडल्यागत होतं." तिला कोणते औषध चालू आहे, असे आम्ही विचारले. काहीच नाही. टाके काढल्यानंतर तिला कुणी बोलावले नाही आणि तीही गेली नाही.

वाचकहो, या दोघी सख्ख्या जावा एका चुलीवर जेवतात. जिला हार्मोन तपासणीशिवाय नको होते तिला ते तीन वर्षे मिळाले. जिला ते हवेच होते तिला एक दिवसही मिळाले नाही. दोघींच्या कहाण्या उलट्या असल्या तरी दोघींना लागू पडणारी गोष्ट एकच आहे : आपल्या शरीरात काय घातले आणि शरीरातून काय काढले, हे दोघींनाही कुणी सांगितले नाही. आजचा आमचा लेख त्याबद्दल आहे.

औषध वाईट नाही

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही हार्मोनच्या औषधांविरुद्ध बोंब मारायला बसलेलो नाही. स्त्रीच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन मुख्य संप्रेरके रक्तात जातात. पाळी, गर्भधारणा, हाडांची बळकटी, रक्तवाहिन्यांचे आरोग्य, झोप या सगळ्यांशी त्यांचा संबंध आहे. ती कमी-जास्त झाली की तक्रारी सुरू होतात, आणि प्रयोगशाळेत बनवलेली तशीच संप्रेरके देऊन त्या तक्रारी आवरता येतात. पाळीत अतिरक्तस्राव, गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी बाहेर वाढून होणाऱ्या असह्य वेदना म्हणजे एंडोमेट्रिओसिस, अंडाशयाचा पीसीओएस नावाचा विकार, पाळी जाण्याच्या वयातला त्रास, अशा कितीतरी ठिकाणी ही औषधे उपयोगी पडतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के आहे. अशा स्त्रीचे महिन्याला जास्तीचे रक्त गेले तर ती उभीसुद्धा राहू शकत नाही. तिथे गोळीने रक्त थांबवले तर तिचा जीव वाचतो आणि अनेकदा तिची पिशवीही वाचते. म्हणून हा लेख वाचून कोणत्याही भगिनीने चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आमचे म्हणणे इतकेच की, दोन महिन्यांसाठी दिलेले औषध तीन वर्षे चालते, आणि त्या तीन वर्षांचा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो, तेव्हा औषधाचा गुण मागे पडतो आणि दोष पुढे येतो.

दोष कोणते?

हार्मोनची औषधे एकाच जातीची नाहीत, म्हणून त्यांचे दुष्परिणामही एकसारखे नाहीत. 'हार्मोनने कॅन्सर होतो' असे सरसकट म्हणणारा आणि 'हार्मोनने काही होत नाही' असे म्हणणारा, दोघेही बाईला अंधारात ठेवतात.

पहिली जात म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखे औषध एकत्र असलेली गोळी. सरकारी 'माला-एन' याच जातीची. गर्भ राहू नये म्हणून ती घेतली जाते, पण अतिरक्तस्राव आणि पीसीओएससाठीही अशा गोळ्या वर्षानुवर्षे दिल्या जातात. तिचा सर्वांत गंभीर धोका म्हणजे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे आणि ती फुप्फुसात जाणे. युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये हिशेब मांडला तो असा : गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांत वर्षाला सुमारे २ जणींना अशी गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली जुनी गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना होते. ड्रॉस्पिरेनोनसारखे नवे औषध असलेली गोळी घेणाऱ्यांत ९ ते १२ जणींना होते. म्हणजे धोका थोडा आहे, पण आहे, आणि महागडी नवी गोळी या बाबतीत स्वस्त सरकारी गोळीपेक्षा सुरक्षित नाही. पीसीओएसच्या मुलींना बहुधा नवीच गोळी लिहून दिली जाते, म्हणून हे सांगणे अगत्याचे आहे.

रक्तदाब असलेली, पस्तिशी ओलांडलेली व बिडी-सिगारेट ओढणारी, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठणारी, पूर्वी गुठळी झालेली स्त्री, या सर्वांना इस्ट्रोजेनची गोळी टाळायची असते. आमच्या माता-भगिनी बिडी क्वचित ओढतात, पण मिश्री घरोघरी लावतात. मिश्री हा तंबाखूच आहे. डॉक्टरांनी 'तंबाखू?' असे विचारले की आपल्याकडे 'नाही' म्हणायची रीत आहे, कारण मिश्रीला आपण दात घासण्यात मोजतो. ती मोजून सांगितली पाहिजे.

कॅन्सरचेही खरे चित्र सांगितले पाहिजे. गोळी चालू असताना स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो आणि बंद केल्यावर काही वर्षांत उतरतो. पाच वर्षांहून जास्त काळ घेतल्यास गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. उलट अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगापासून हीच गोळी संरक्षण देते. यात तोलूनमापून ठरवण्यासारखे बरेच आहे. पण तोलायचे कुणी? ज्या बाईचे शरीर आहे तिच्या हातात तागडी कुणी दिलेलीच नाही.

दुसरी जात म्हणजे नुसते प्रोजेस्टेरॉनसारखे औषध. आमच्या भगिनीची नॉरेथिस्टेरॉन त्यातलीच. हिचा दुसरा धंदाही सर्वांना ठाऊक आहे. लग्न, यात्रा, परीक्षा, घरातले कार्य असले की पाळी पुढे ढकलायला हीच गोळी मेडिकलमधून आणली जाते, आणि विटाळाच्या खुळ्या कल्पनेपायी निरोगी मुलीही ती गिळतात. पाळीत बाई अपवित्र होते असे मानणाऱ्या धर्माज्ञा आपण केव्हाच झुगारल्या, असे आपण म्हणतो. मग आपल्याच घरातल्या कार्याला ही गोळी का लागते, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवतो. लोकांना वाटते, साधी गोळी आहे. पण मोठ्या मात्रेत घेतलेल्या नॉरेथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात जाऊन इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. म्हणून जिला गुठळीचा धोका आहे तिला ही गोळीही मुकाट्याने देण्यासारखी नाही. पोट फुगणे, डोके दुखणे, मन उदास होणे, मध्येच डाग लागणे हे तर नेहमीचेच.

पण आमच्या मते या गोळीचा मोठा धोका वेगळाच आहे. ती लक्षण दाबते. चाळिशीनंतर पाळीचे रक्त बेसुमार जाऊ लागले तर त्याचे कारण गाठ असेल, थायरॉइड असेल, अस्तराची वाढ असेल किंवा कॅन्सरही असेल. सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे अस्तराचा तुकडा काढून तपासणी केल्याशिवाय ते कळत नाही. गोळीने रक्त थांबते, बाईला वाटते बरे झाले, आणि आतले दुखणे वाढत राहते.

तिसरे, दर तीन महिन्यांनी घ्यायचे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन. २०१७ पासून ते 'अंतरा' या नावाने सरकारी केंद्रांत मोफत मिळते. संततिनियमनासाठी ते उपयोगी आहे, आणि नवऱ्याला न विचारता स्त्रीला ते घेता येते ही त्याची जमेची बाजू. पण ते घेत असताना हाडांतला कॅल्शियम कमी होतो. बंद केल्यावर तो बऱ्याच अंशी भरून येतो. तरीसुद्धा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४ मध्ये त्यावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला, की दुसरा उपाय असेल तर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ वापरू नये. मार्च २०२४ मध्ये फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले की, हे इंजेक्शन वर्षभर किंवा जास्त घेणाऱ्यांत मेंदूच्या आवरणावरील मेनिंजिओमा नावाच्या, शस्त्रक्रिया लागणाऱ्या गाठीचा धोका सुमारे साडेपाच पट होता. मुळात ही गाठ फार विरळ आहे, म्हणून साडेपाच पट होऊनही ती विरळच राहते. तरीही सतत डोकेदुखी किंवा नजर मंद होणे अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईला 'तू अंतरा घेतेस का?' हे विचारले गेले पाहिजे.

चौथे, एंडोमेट्रिओसिस आणि गाठींसाठी दिली जाणारी ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शने. ती अंडाशयांचे काम काही काळ बंदच पाडतात. म्हणून अंगाला वाफा, कोरडेपणा आणि हाडांची झीज हे ओघानेच येते. जोडीला संरक्षक हार्मोन न देता ती सहा महिन्यांपुढे चालवायची नसतात.

आणखी एक गोष्ट. क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन हे औषध हार्मोनच्या गोळ्यांचा प्रभाव कमी करते. गोळी चालू असूनही गर्भ राहतो, ज्या आजारासाठी गोळी घेतली तो उलटतो. क्षयरोग कोणत्या वस्त्यांत आहे हे आम्ही सांगायला नको. क्षयाचा डॉक्टर एका खोलीत, बाईंचा डॉक्टर दुसऱ्या खोलीत, आणि दोघांना जोडणारी एकच व्यक्ती, ती बाई. तिला नाव माहीत नसेल तर तिने कोणाला काय सांगावे?

एका भीतीची वीस वर्षे

आता पाळी गेल्यानंतरच्या हार्मोन उपचारांकडे येऊ, कारण ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या त्या धाकट्या भगिनीचा प्रश्न तिथेच आहे.

अमेरिकेत १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरने पुस्तक लिहून इस्ट्रोजेन म्हणजे चिरतारुण्याचे औषध असा डांगोरा पिटला. लाखो स्त्रिया ते घेऊ लागल्या. १९७५ मध्ये कळले की, गर्भाशय असलेल्या स्त्रीने नुसते इस्ट्रोजेन घेतले तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन देणे सुरू झाले. पुढे सरकारी खर्चाने 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' हा मोठा अभ्यास झाला. त्यातल्या १६,६०८ स्त्रियांचा, दोन्ही औषधे एकत्र तपासणारा भाग जुलै २००२ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. औषध घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या ८, लकव्याच्या ८, फुप्फुसातील गुठळीच्या ८ आणि हृदयविकाराच्या ७ घटना जास्त आढळल्या. खुब्याची हाडे मोडण्याच्या ५ आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ६ घटना कमी आढळल्या.

ही बातमी जगभर गेली आणि हार्मोन या शब्दाचीच धास्ती बसली. पण बातमीतले एक वाक्य मागे राहिले. त्या अभ्यासातल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. निसर्गक्रमाने पाळी जाऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. ज्यांची पिशवी काढलेली होती अशा स्त्रियांवरचा, नुसत्या इस्ट्रोजेनचा भाग २००४ मध्ये थांबला. त्यात लकव्याचा धोका वाढलेला दिसला, पण स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला नाही. २०१९ मध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. तिच्यानुसार पन्नाशीपासून पाच वर्षे दोन्ही औषधे रोज घेतली तर सुमारे ५० स्त्रियांमागे एकीला, आणि नुसते इस्ट्रोजेन घेतले तर २०० स्त्रियांमागे एकीला, पुढच्या काळात स्तनाचा जास्तीचा कर्करोग होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी या औषधांवरचे हृदयविकार आणि स्तनाच्या कर्करोगाबाबतचे ठळक चौकटीतले इशारे काढण्याचे जाहीर केले. नुसत्या इस्ट्रोजेनने अस्तराचा कॅन्सर होण्याबाबतचा इशारा मात्र ठेवला.

या सगळ्यातून सामान्य स्त्रीने घ्यायचा बोध एवढाच : कोणते हार्मोन, कोणत्या वयात, गर्भाशय आहे की नाही आणि किती वर्षे, या चार गोष्टींवर धोका ठरतो. त्रेसष्टाव्या वर्षीच्या बाईला लागू असलेली भीती तिशीतल्या बाईवर लादणे म्हणजे तिला औषधापासून तोडणे होय.

पिशवी गेली, पुढे काय?

बीड जिल्ह्याची हकीकत महाराष्ट्राला २०१९ मध्ये कळली. कळली म्हणजे वर्तमानपत्रांना कळली. तांड्यांना आणि वस्त्यांना ती आधीपासून ठाऊक होती. त्या जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की, तीन वर्षांत बीडमधल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांच्या पिशव्या काढल्या गेल्या. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. २०१५-१६ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण देशात ३.२ टक्के आणि महाराष्ट्रात २.६ टक्के होते. वयोगट हुबेहूब तेच नसले तरी तफावत आंधळ्यालाही दिसावी अशी आहे.

का काढल्या? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच अंगावर. एक दिवस खाडा झाला तर पाचशे रुपये दंड. फडात ना संडास, ना न्हाणी, ना पुरेसे पाणी. अंगावरून पांढरे-लाल जाऊ लागले की डॉक्टर म्हणतो, पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल. ज्या दुखण्याला पंधरा दिवसांच्या गोळ्या पुरल्या असत्या, त्याला शस्त्रक्रिया सांगितली जाते, आणि तिच्यासाठी पुन्हा मुकादमाकडूनच उचल घ्यावी लागते. यात दलित, बंजारा, वंजारी, भटके-विमुक्त, सगळ्या कष्टकरी जातींच्या लेकी आहेत. साखर कुणाच्या चहात जाते आणि गर्भाशय कुणाचे जाते, याचा हिशेब ही व्यवस्था कधीच मांडत नाही.

या विषयावर पुष्कळ लिहिले गेले. पण पिशवी गेल्यानंतरच्या आयुष्याबद्दल फार थोडे लिहिले गेले. नुसते गर्भाशय काढले आणि अंडाशये ठेवली तर हार्मोन तयार होत राहतात. अंडाशयेही काढली तर ते एका दिवसात आटतात. एरवी पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास हळूहळू येणारी अवस्था तिशीत एका रात्रीत येते. अंगातून वाफा, झोप नाही, लघवीच्या जागी कोरडेपणा आणि आग, मन थाऱ्यावर नाही. हे झाले दिसणारे. न दिसणारे त्याहून वाईट : हाडे झिजतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये दाखवले की, पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशये काढलेल्या आणि नंतर इस्ट्रोजेन न मिळालेल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण जास्त होते.

म्हणूनच वैद्यकाचा आजचा सर्वमान्य सल्ला असा आहे की, अशा स्त्रीला दुसरी अडचण नसेल तर निसर्गक्रमाने पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे सुमारे पन्नाशीपर्यंत, हार्मोन द्यावे. तिला गर्भाशय नसल्याने नुसते इस्ट्रोजेन पुरते. हे 'जास्तीचे' हार्मोन नव्हे. शस्त्रक्रियेने जे हिरावले त्याची ही भरपाई आहे. स्तनाचा कर्करोग किंवा गुठळी होऊन गेलेल्या बाईचा विचार वेगळा करावा लागतो, पण विचार करावा तर लागतोच. आमच्या भगिनीच्या बाबतीत तो कुणी केला? डिस्चार्जच्या कागदावर अंडाशये काढल्याची नोंद इंग्रजीत होती. तिने तो कागद गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. सहा वर्षांत तो कुणी वाचला नव्हता.

माहिती हा हक्क आहे

कुणी म्हणेल, अडाणी बाईला एवढे सांगून काय कळणार? हा प्रश्न आमच्या कानांना नवा नाही. शिक्षण देताना हाच प्रश्न विचारला गेला, मताचा अधिकार देताना हाच. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी बाबासाहेबांच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मांडला होता. संततिनियमनाची साधने आणि त्यांची माहिती सरकारने जनतेला पुरवावी, असा त्याचा आशय. ठराव फेटाळला गेला. पण स्त्रीचे शरीर हा सार्वजनिक धोरणाचा विषय आहे आणि गरीब स्त्रीलाही त्याबाबत माहिती मिळाली पाहिजे, ही गोष्ट त्या सभागृहात त्या दिवशी नोंदली गेली.

पुढेही लढल्याशिवाय काही मिळाले नाही. १९८० च्या दशकात ईपी फोर्ट या नावाने ओळखली जाणारी जास्त मात्रेची हार्मोनची औषधे गर्भ राहिला की नाही हे पाहायला सर्रास दिली जात. स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी लढा दिला, तेव्हा १९८८ मध्ये त्यांवर बंदी आली. १९८६ मध्ये हैदराबादची स्त्री शक्ती संघटना आणि इतर संघटना नेट-एन या इंजेक्शनाच्या चाचणीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. चाचणीतल्या स्त्रियांना पुरेशी माहितीच दिली गेली नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनी खासगी रुग्णालयांत रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे. आपला आजार, उपचार आणि त्याचे परिणाम समजावून घेण्याचा हक्क तिच्यात लिहिलेला आहे. म्हणजे कागद आहे. तो वाचायला लावणारे लोक हवे आहेत.

आमच्या मागण्या साध्या आहेत. हार्मोनचे औषध देताना नाव, कारण आणि मुदत मराठीत एका कागदावर लिहून द्या. औषध सहा महिन्यांपुढे चालले तर रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि गरज असेल तिथे सोनोग्राफी, यांची नोंद झाल्याशिवाय ते पुढे चालू ठेवू नका. मेडिकलवाल्याने पट्टी कापली तर पिशवीवर नाव लिहावे. ज्यांची अंडाशये चाळिशीच्या आत काढली गेली, अशा ऊसतोड भगिनींची गावनिहाय यादी आरोग्य विभागाने करावी, आणि त्यांची हाडे, रक्तदाब व हार्मोनची गरज सरकारी खर्चाने तपासावी. शस्त्रक्रिया मोजणाऱ्या समित्या झाल्या. आता शस्त्रक्रियेनंतर जगणाऱ्या बाया मोजा.

आणि आमच्या वाचकांनी काय करावे? आपल्या महिला मंडळात, विहारातल्या रविवारच्या बैठकीत अर्धा तास या विषयाला द्या. शिकलेल्या मुलींनी आपल्या आईची, मावशीची औषधे एकदा पेटीतून काढून वाचावीत. डॉक्टरांना चार प्रश्न विचारायला शिकवा : या गोळीचे नाव काय? कशासाठी आहे? किती दिवस घ्यायची? पुन्हा तपासणी कधी? एका पायाला अचानक सूज व दुखणे, छातीत कळ, दम लागणे, पूर्वी कधी नव्हती अशी डोकेदुखी, नजर अंधारणे, बोलताना जीभ जड होणे, असे काही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि 'हार्मोनची गोळी चालू आहे' हे पहिल्या वाक्यात सांगावे. पाळी गेल्याला वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर थेंबभर असले तरी तपासून घ्यावे.

आमची ती थोरली भगिनी जिल्हा रुग्णालयात जाऊन आली. सोनोग्राफीत गाठ दिसली, अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, त्यात कॅन्सर नाही असा अहवाल आला. रक्त फार कमी होते, त्याच्या गोळ्या चालू झाल्या आहेत. गाठीवर पुढे काय करायचे ते ठरायचे आहे; पिशवी न काढता होईल का, हे तिने स्वतः तोंडाने विचारले. धाकटी अजून गेलेली नाही. टोळी फडावर आहे, पट्टा पडायला अवकाश आहे, आणि खाडा परवडत नाही. तिचा डिस्चार्जचा कागद मात्र तिच्या मुलीने शाळेच्या वहीत मराठीत उतरवून घेतला आहे. त्या पानावर वर तारीख घातली आहे आणि खाली तेच चार प्रश्न लिहिले आहेत.